वळीव आणि फायनल

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि मृगाच्या आत आवरायची घाई असते. त्यामुळे मोठ्या स्पर्धांच्या फायनली येतात उन्हाळ्याच्या शेवटी, नेमक्या वळवाच्या तोंडावर. संघ महिनोन्‌महिने कडक मैदानावर खेळलेला असतो. चेंडू किती उसळणार, किती धावणार याचा अंदाज खेळाडूंच्या पायात बसलेला असतो. आणि ज्या दिवशी चषक ठरायचा त्याच दिवशी दुपारी आभाळ भरून येतं.

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पाऊस आला, आता हलक्या टीमचं नशीब उघडलं.’ बोलणारा बहुधा भारी संघाचा समर्थक असतो आणि हरलो तर काय सांगायचं याची तजवीज आधीच करून ठेवत असतो. पावसातल्या फायनली बघताना मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचा पडताळा घ्यायचा नादच लागला. आता सामन्याआधी मी गॅलरीत चढत नाही. कुंपणाजवळ उभा राहून मैदान बघतो.

बघायचं असतं ते इतकंच, की मैदान भिजलंय की त्यात पाणी साचलंय. या दोन गोष्टी एक नाहीत, एकमेकींच्या उलट आहेत. नुसत्या भिजलेल्या गवतावर चेंडू अडत नाही, सरकतो. जमिनीलगत दिलेला पास कोरड्या मैदानापेक्षा वेगाने पोचतो. ज्यांचा पहिला स्पर्श चांगला आहे, त्यांना हे मैदान म्हणजे मेजवानी. युरोपातले मोठे क्लब सामन्याआधी आणि मध्यंतरात मैदानावर मुद्दाम पाणी मारतात. पेप ग्वार्दिओलासारखा प्रशिक्षक तर त्यासाठी आग्रही असतो. तेव्हा रिमझिम पडली की भारी संघाचं वाटोळं झालं, असं नाही. उलट तो जास्तच भारी होतो.

पाणी साचलं की हिशेब फिरतो. डबक्यात पडलेला चेंडू तिथेच बसतो. पास देणारा चुकलेला नसतो, घेणाराही जागेवर असतो, पण चेंडू मध्येच मरतो. तीन-चार पासांची गुंफण करत पुढे सरकणाऱ्या संघाचं कसब इथे वाया जातं. मग उरतं काय, तर लांब उंच चेंडू, कॉर्नर, फ्री किक आणि गोलसमोरची झोंबाझोंबी. गोल कमी होतात आणि जे होतात त्यांत कर्तबगारीपेक्षा अपघाताचा वाटा वाढतो. सामना टायब्रेकरपर्यंत ताणायचा एवढीच ज्या संघाची मनीषा, त्याची आशा अशा मैदानावर खरोखर वाढते. गॅलरीतलं वाक्य खरं आहे ते एवढ्यापुरतंच.

त्यातही सगळं मैदान सारखं नसतं. हंगामाच्या शेवटी गोलांसमोरचं आणि मधल्या वर्तुळातलं गवत तुडवून नाहीसं झालेलं असतं. पंधरा मिनिटांच्या वळवाने तिथे आधी चिखल होतो. कडेला, बगलेच्या पट्ट्यात, गवत टिकलेलं असतं आणि चेंडू बऱ्यापैकी पळतो. शहाणा संघ पहिल्या पाच मिनिटांत हे ओळखतो आणि मधली वाट सोडून बगलेने चढाया करू लागतो. पाऊस थांबल्यावर वॉर्म-अपच्या नावाखाली एका प्रशिक्षकाला मी मैदानभर चेंडू टाकत फिरताना पाहिलं. दहा पावलं चालायचं, छातीच्या उंचीवरून चेंडू सोडायचा, किती उसळतो बघायचं, पुढे जायचं. समोरचा संघ तेव्हा कोंडाळं करून घोषणा देत होता. सामना सुरू झाल्यावर या प्रशिक्षकाच्या बचावपटूंनी डाव्या कोपऱ्याकडे एकही बॅक पास दिला नाही. तिथे पाणी होतं.

पंचही तेच करतात. चेंडू उसळतोय का आणि लोटला तर घरंगळतोय का, हे दोन-चार ठिकाणी तपासून सामना खेळवायचा की नाही ते ठरवतात. विजा चमकत असतील तर प्रश्नच नाही, मैदान रिकामं करायचं. इकडे मैदानाची माणसं गोणपाटं आणि रबरी वायपर घेऊन धावलेली असतात. चिखलावर वाळू किंवा लाकडाचा भुसा पडतो. हौशी मंडळींतला कोणीतरी ‘रोलर फिरवा की’ म्हणून ओरडतो, तो सल्ला मात्र ऐकायचा नसतो. ओल्या मातीवर रोलर फिरवला की ती दबते, आणि पाणी मुरायच्या होत्या तेवढ्याही वाटा बंद होतात. त्यापेक्षा काटे खुपसून जमिनीला भोकं पाडलेली बरी.

आता बूट. एकदा खेळाडू चेंजिंग रूममधून येत असताना मी नुसते तळवे बघत होतो. अकरांपैकी बहुतेकांच्या बुटांना एकसंध ओतलेले, आखूड, रबरी स्टड. कडक मैदानाला तेच योग्य. पण ओल्या मातीत ते रुतत नाहीत, आणि दोन स्टडांच्या मध्ये चिखल बसला की तळवा सपाट होऊन जातो. पेचाने बसवायचे लांब स्टड असलेला बूट वेगळा घ्यावा लागतो आणि वर्षातून एखाद्या दिवसासाठी दुसरा जोड घेणं आपल्याकडच्या पोरांना परवडत नाही. मध्यंतरात काही जण काडीने तळवे खरवडत बसले होते. प्रत्येक थांब्याला पंचांचं लक्ष नसताना गोलच्या खांबावर बूट आपटून चिखल झाडायचा, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली ओली फायनल याच स्टडांसाठी सांगितली जाते. ४ जुलै १९५४, बर्नचं वांकडॉर्फ स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना. एका बाजूला हंगेरी. चार वर्षं न हरलेला, १९५२चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला, १९५३मध्ये इंग्लंडला वेम्ब्लीवर ६-३ धूळ चारलेला संघ. दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी, ज्यांना याच स्पर्धेच्या साखळीत हंगेरीने ८-३ असं धुतलं होतं. त्या दिवशी पाऊस लागला आणि जर्मन मंडळी खूश झाली. त्यांचा कर्णधार फ्रिट्झ वाल्टर याला युद्धाच्या काळात मलेरिया झाला होता आणि ऊन त्याला सोसत नसे. ओल्या, गार हवेत त्याचा खेळ खुलायचा. जर्मनीत अशा हवेला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. संघासोबत अडी डासलर होता, आडिडासचा संस्थापक. त्याच्या बुटांना पेचाचे स्टड होते. पाऊस बघून प्रशिक्षक सेप हेर्बर्गर यांनी लांब स्टड बसवायला लावले. (पेचाचे स्टड आधी आमचेच, असा दावा अडीच्या भावाची पूमा कंपनी करत आली आहे. भावकीचे वाद काय फक्त बांधावरूनच होतात?)

जर्मनीने ३-२ने फायनल जिंकली आणि स्टडांची दंतकथा झाली. पण गोल कसे झाले ते बघा. सहाव्या मिनिटाला हंगेरीच्या पुश्काशने पहिला गोल केला. आठव्या मिनिटाला जर्मन बचावपटू आणि गोलरक्षक टुरेक यांच्यात घोटाळा झाला, ओला चेंडू टुरेकच्या हातातून निसटला आणि झिबोरने तो जाळ्यात ढकलला. म्हणजे पावसाची पहिली मेहेरबानी झाली ती हंगेरीवर! जर्मनीने दहाव्या आणि अठराव्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली, त्यातला दुसरा कॉर्नरवर. पुढे तासभर हंगेरीने हल्ले चढवले आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला हेल्मुट रानने विजयी गोल मारला. त्यानंतर पुश्काशने चेंडू पुन्हा जाळ्यात धाडला, तो ऑफसाइड ठरला.

माझं मत विचाराल तर स्टडांनी सामना जिंकून दिला नाही. पुश्काशच्या घोट्याची दुखापत पुरती बरी झाली नव्हती, आणि हंगेरी चारच दिवसांपूर्वी उरुग्वेविरुद्ध जादा वेळेपर्यंत झुंजून आली होती. दमलेल्या पायांना चिखल दुप्पट जड जातो. चिखलात प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं, पोटऱ्या भरून येतात आणि सत्तराव्या मिनिटानंतर फरक दिसायला लागतो. जर्मनांचे पाय त्या मानाने ताजे होते आणि ते घसरत नव्हते. स्टडांचं श्रेय तेवढंच.

त्या काळचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा, तो भाग आता उरलेला नाही. नियमाप्रमाणे सामन्याच्या सुरुवातीला चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावं लागतं. मोठ्या स्पर्धांचे हल्लीचे चेंडू शिवत नाहीत, तुकडे उष्णतेने चिकटवतात, त्यामुळे ते पाणी फारसं घेत नाहीत. पण वजन वाढलं नाही तरी पृष्ठभाग निसरडा होतोच, आणि तो गोलरक्षकाला नडतो.

पावसातला गोलरक्षक हा माझा आवडता बघण्याचा विषय. हातमोज्यांचं लॅटेक्स किंचित ओलं असताना चांगलं चिकटतं, म्हणून कोरड्या दिवशीही जाणते गोलरक्षक मोज्यांवर पाणी मारून घेतात. चिखलाचा थर बसला मात्र पकड संपली. गोलमागे टॉवेल आणि पाण्याची बाटली लागते ती यासाठी. पावसात लांबून आलेला, समोर एक टप्पा पडलेला फटका सर्वांत वाईट. टप्प्यानंतर चेंडू उसळायच्या ऐवजी सरकतो आणि हातांच्या खालून येतो. जाणता गोलरक्षक तो धरायच्या भानगडीत पडत नाही. शरीर मागे ठेवतो, ठोसा मारतो, नाहीतर बाजूला ढकलतो. निसटलेल्या चेंडूवर झेप घ्यायला एक आघाडीपटू हमखास मागे धावलेला असावा, हे प्रत्येक फटक्याच्या वेळी. आपल्याकडे फटका मारला की बाकीचे उभं राहून बघतात. पावसात असं उभं राहणं म्हणजे गोल सोडून देणं.

बचावपटूचं दुखणं वेगळं. आघाडीपटूला आपण कुठे वळणार ते ठाऊक असतं, बचावपटूला ते बघून वळावं लागतं. पाय घसरतो तो त्या उशिराच्या वळणावर. शिवाय ओल्या गवतावर टॅकल घसरत लांब जातो, चेंडूऐवजी पाय लागतो आणि पिवळं कार्ड निघतं.

मॉस्कोची २००८ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा. २१ मे, लुझ्निकी स्टेडियम. तिथलं कृत्रिम मैदान झाकून या सामन्यासाठी खरं गवत घातलं होतं आणि रात्री पाऊस लागला. मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक व्हान डर सार घसरला त्याच क्षणी लँपार्डने चेल्सीचा बरोबरीचा गोल केला. १-१ वरून टायब्रेकर. पाचवी पेनल्टी घालून चषक उचलायची संधी चेल्सीचा कर्णधार जॉन टेरीला आली. चेंडू मारताना त्याचा टेकलेला पाय घसरला आणि चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. युनायटेड ६-५ने जिंकली. दोन्ही संघांचं एकेक घसरणं झालं, एकाचं भरून निघालं, दुसऱ्याचं नाही. आणि जादा वेळेत द्रोग्बाला लाल कार्ड मिळालं नसतं, तर ती पेनल्टी टेरीकडे येतीच ना.

फायनल नव्हे, पण फायनलचं दार म्हणावा असा एक सामना १९७४ साली फ्रँकफर्टला झाला, पश्चिम जर्मनी विरुद्ध पोलंड. ढगफुटीसारखा पाऊस कोसळला, अग्निशमन दलाचे पंप लावून मैदान उपसलं आणि सामना उशिरा सुरू केला. जर्मनीला बरोबरी पुरत होती, पोलंडला जिंकणंच भाग होतं. पोलंडची ताकद लाटो आणि गाडोखा यांच्या वेगात, आणि वेग डबक्यांत अडकला. गेर्ड म्युलरच्या एकुलत्या गोलवर जर्मनी फायनलला गेली. साचलेलं पाणी बरोबरीवर भागणाऱ्याच्या बाजूने असतं, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं मला माहीत नाही. इथे तर दैव यजमानांच्या, म्हणजे भारी संघाच्याच घरी पाणी भरत होतं.

आपल्या देशात हा धडा कलकत्त्याने आधी घेतला. तिथली लीग ऐन पावसाळ्यात. अनवाणी खेळणारे देशी संघ कोरड्यावर गोऱ्या पलटणींना भारी पडत, पण चिखल झाला की बूटवाले वरचढ ठरत. मोहमेडन स्पोर्टिंगने ओल्या मैदानासाठी बूट घालायची सवय केली आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं लीग जिंकली. त्यांनी पाऊस येणार हे धरून तयारी केली होती.

कोल्हापूरच्या तालमींच्या संघांना म्हणूनच एक विनंती. वळीव दरवर्षी येतो, त्यात अचानक असं काही नाही. फायनलच्या आधीचा आठवडाभर एका गोलसमोरची जागा रोज भिजवा. चेंडू बादलीत बुडवून गोलरक्षकाला फटके द्या, बचावपटूंना त्याच चिखलात वळायला लावा, टायब्रेकरचे पाच जण ओल्या जागेवरून पेनल्टी मारू देत. पेचाच्या स्टडांचे बूट प्रत्येकाला घेणं जमणार नाही, तर वर्गणीतून निदान गोलरक्षकाला आणि मधल्या दोन बचावपटूंना घ्या. विजयी मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भाड्यात तेवढे तीन जोड सहज बसतात.