गवतातला छुपा रहिवासी

न्यूझीलंडच्या कुरणात उन्हाळ्याअखेर मेंढ्या निवांत चरत असतात. पण कुत्रा मागे लागला, की त्या लटपटून कोसळतात. वाचकहो, याचे कारण ‘रायग्रास’ गवतात दडलेली बुरशी. ती पेशींमधल्या फटींत वाढते, बियांतून पुढच्या पिढीत जाते; बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. तिच्या ‘लोलिट्रेम बी’ या विषाने मेंढीचा स्नायूंवरचा ताबा सुटतो. बुरशीचा हा संबंध १९८१ साली उघड झाला. मग बुरशीविरहित बी पेरावे, नाही का? पेरले, तर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या सोंडकिड्याने गवताची नासाडी केली! बुरशीचेच ‘पेरामीन’ हे दुसरे द्रव्य त्याला दूर ठेवत होते. अखेर पेरामीन करणारी, पण लोलिट्रेम न करणारी बुरशी सापडली. २००१ पासून तिचे बियाणे बाजारात आहे.