कोणासाठी पोहणे? सागरी जलतरणाचा मागोवा

खुल्या पाण्यातील जलतरण, म्हणजे तलावाच्या भिंती आणि आखलेल्या मार्गिका सोडून नदी, खाडी वा समुद्रात पोहणे, हा प्रकार भारतात प्रथम विक्रमाच्या ओढीने रुजला. मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा पणाला लागली होती ती देशाची प्रतिष्ठा. १९८० च्या दशकात मुंबईचे मूकबधिर जलतरणपटू तारानाथ शेणॉय आणि पायांनी अपंग असलेले राजाराम घाग यांनी तीच खाडी ओलांडल्यावर, पोहणारा स्वतःपलीकडच्या एखाद्या समूहाची बाजू पाण्यातूनही मांडू शकतो, हे दिसू लागले.

या धाग्याचे सर्वांत ठळक रूप १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसले. स्वमग्नता, म्हणजे संवाद व सामाजिक व्यवहार यांवर परिणाम करणारी मेंदूविकासाची जन्मजात अवस्था, असलेल्या बारा वर्षांच्या जिया राय हिने त्या दिवशी याच अवस्थेविषयीच्या जागृतीसाठी वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत कापले. वर्धा नदीकाठच्या नाचणगावसारख्या परिसरात पोहायला शिकलेल्याला पाण्याचा ओघ एकाच दिशेचा ठाऊक असतो. मुंबईच्या समुद्रात मात्र भरती-ओहोटी साधारण सहा तासांनी पालटते, त्यामुळे इतका वेळ पाण्यात राहणाऱ्याला अनुकूल प्रवाह अखेरपर्यंत मिळणे शक्य नसते, आणि निघण्याची वेळ ठरवणे हे हात मारण्याइतकेच निर्णायक ठरते. मार्च २०२२ मध्ये तिने पाल्कची सामुद्रधुनीही पार केली.

ब्रिटनमध्ये अशा पोहण्याला निधिसंकलनाची जोड असते: परिचित व चाहते पोहणाऱ्याच्या नावे देणगी देतात आणि ती रक्कम संस्थेकडे जाते. विनोदी अभिनेते डेव्हिड वॉलियम्स यांनी २००६ मध्ये इंग्लिश खाडी पोहून स्पोर्ट रिलीफ या उपक्रमासाठी दहा लाख पौंडांहून अधिक निधी उभारला. जियाच्या मोहिमांचा हेतू जागृतीचा होता, आणि जागृती रुपयांत मोजता येत नाही. शिवाय किलोमीटर व तास चटकन लक्षात राहतात, स्वमग्नतेचा अर्थ तितक्या सहज राहत नाही, ही या मार्गाची उणीवच म्हणावी लागेल.

पुढे जुलै २०२४ मध्ये जियाने इंग्लिश खाडीचे ३४ किलोमीटर अंतर १७ तास २५ मिनिटांत पार केले. तेथील नियमांनुसार उष्णता राखणारा पोशाख वर्ज्य असतो, आणि सोबतच्या नावेला वा नावेतल्या कोणाला आधारासाठी स्पर्श झाला, तर मोहीम तेथेच संपते.