किती महिने पुरेल?

आपल्याकडे चारचौघांत काय काय बोलले जाते! मुलाचे टक्के, सुनेचे माहेर, शेजाऱ्यांचे दुखणे. अगदी स्वतःच्या ऑपरेशनचे टाकेसुद्धा आपण आल्यागेल्याला मोजून सांगतो. पण घरात एकूण पैसा किती, तो कुठे आहे आणि किती दिवस पुरेल, हा विषय निघाला की सगळे एकदम गप्प होतात. कांद्याचा भाव तोंडपाठ असलेल्या बाईला नवऱ्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा ठाऊक नसतो. मुलांना तर आईवडिलांचे उत्पन्न कॉलेजच्या फॉर्मवर तो रकाना भरताना प्रथम कळते.

२०२२च्या पाडव्याला मी एक दोनशे पानी वही घातली. तिच्यात घराची मिळकत, खर्च, ठेवी आणि कर्ज लिहिते. महिनाअखेरीला सगळ्यात खाली एकच आकडा मांडते : आजपासून घरात एकही पगार आला नाही, तर आपण किती महिने काढू? ही वही कपाटात नसते, जेवणाच्या टेबलावर असते. घरातल्या कुणीही उघडावी, विचारावे, चूक काढावी. जाऊबाईंनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, असे आकडे कुणी उघड्यावर टाकतं का?" त्यांना तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. सविस्तर आज देते.

पहिले कारण माझी मोठी नणंद. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ताईंचे यजमान अकरा दिवसांत गेले. ताई वीस वर्षे नोकरी करणाऱ्या. पण पगार झाला की तो यजमानांच्या हाती द्यायचा आणि लागतील तसे मागून घ्यायचे, ही पहिल्या महिन्यापासूनची रीत. त्यात जुलूम नव्हता, उलट कौतुक होते. "मला त्यातलं काही बघावं लागत नाही हो," असे त्या अभिमानाने सांगत. यजमान गेल्यावर पॉलिसी किती, ठेवी कोणत्या बँकेत, लॉकरची किल्ली कुठे, हे सारे त्यांना परक्या घरात शिरल्यासारखे शोधावे लागले. सर्वांत मोठ्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नाव होते ते बारा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचे. मग वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्रे, कोर्टाचे सक्सेशन सर्टिफिकेट. पैसा त्यांचाच होता, पण हाती यायला चौदा महिने गेले आणि तोवर घर भावांनी चालवले.

तेव्हा माझ्या लक्षात आले की कमावती बाई आणि आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र बाई या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. हे पुरुषांनाही लागू आहे. लाखाचा पगार आणि पाऊण लाखाचे हप्ते असलेला तरुण कमावता आहे. स्वतंत्र मात्र नाही. एक पगार चुकला तर त्याची झोप उडते.

ताईंमुळे मी आणखी एक गोष्ट शिकले. नॉमिनी म्हणजे मालक, असे आपण सर्रास समजतो. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो; त्यांवर हक्क वारसांचा. शेअर्सच्या बाबतीतही तेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट केले. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नॉमिनीची नावे आहेत आणि त्यांच्याखाली मृत्युपत्र कुठे ठेवले आहे ते लिहिले आहे. असे पान लिहिणे काहींना अभद्र वाटते. ताईंना विचारा, ते नसणे किती अभद्र असते!

दुसरे कारण जुने आहे, माझ्या आईचे. आम्ही लालबागच्या चाळीतले. वडील गिरणीत साच्यावर, आई खानावळ चालवायची. गावी कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार अशा खानावळींवरच जेवत. याच बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे अनेकांना आठवत असेल. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा आठ वर्षांची. वडिलांचा पगार थांबला आणि आईचे जेवणारेही गावी निघून गेले. एका घराची दोन्ही दारे एकाच आठवड्यात बंद झाली.

आई चौथी शिकलेली. पण दर रविवारी ती तांदळाची गोण, डाळीचे डबे आणि ट्रंकेतली रोकड पाहून वडिलांना सांगायची, "होळीपर्यंत आहे." मग, "वैशाखापर्यंत ओढू." दोन महिन्यांचे उरले, तेव्हा तिने रडारड न करता मला आणि भावाला मामाकडे संगमेश्वरला धाडले. चाळीतली कितीतरी घरे उद्या संप मिटेल या आशेवर सावकाराच्या दारात गेली. आमच्याकडे भांडी गहाण पडली नाहीत. आईकडे पैसा जास्त होता असे नाही. तिला आकडा माहीत होता, म्हणून वेळेवर निर्णय घेता आला. वहीतली शेवटची ओळ खरे तर तिचीच आहे.

तिसरे कारण काळाचे. आमच्या आधीच्या पिढीत सरकारी नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती. निवृत्तीनंतर जवळपास निम्मा पगार घरी येत राही. केंद्रात १ जानेवारी २००४पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५पासून नोकरीत आलेल्यांसाठी ती जुनी पेन्शन थांबली. मार्च २०२३मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले ते याच मुद्द्यावर. खासगी नोकरीत तर अशी पेन्शन बहुतेकांना कधी नव्हतीच. व्याजाचेही तसेच. पीपीएफवर १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के मिळत; सहा वर्षांत रक्कम दुप्पट. एप्रिल २०२०मध्ये तो दर ७.१ टक्क्यांवर आला. म्हणजे दुपटीला दहा वर्षे, आणि महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्चही दुप्पट! पैसा पोस्टात टाकून निर्धास्त झोपण्याचे दिवस सरले. आता जागे राहून हिशेब ठेवणे आले.

मग पुरेसे म्हणजे किती? विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली तिथल्या जुन्या आकड्यांवरून एक आडाखा बांधला : जमलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढावेत, पुढे महागाईप्रमाणे वाढवीत जावे, तर पुंजी निदान तीस वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट. तो हिशेब तिथल्या बाजाराचा आणि तिथल्या महागाईचा. म्हणून मी सावधपणे तीसपट धरते. आमचा खर्च महिना ४५ हजार, वर्षाला ५ लाख ४० हजार. तीसपट म्हणजे १ कोटी ६२ लाख. ठेवी, पीएफ, पीपीएफ मिळून पहिल्या पाडव्याला आमच्याकडे होते साडेएकतीस लाख. पाचवा हिस्साही नाही!

हा आकडा पाहून वही मिटावी असे कुणालाही वाटेल. पण तेच साडेएकतीस लाख आईच्या मापाने मोजले आणि चित्र पालटले. सत्तर महिने. व्याजाने महागाईला जेमतेम गाठले तरी पावणेसहा वर्षांहून अधिक. राहते घर आणि सोने यात धरलेले नाही. स्वातंत्र्य हे कोटीच्या दारात उभे राहून एकदम मिळत नाही, ते महिन्यामहिन्याने साठते. एका महिन्याची शिल्लक असलेला माणूस शून्यवाल्यापेक्षा एका महिन्याने अधिक स्वतंत्र असतो.

त्या सत्तर महिन्यांची किंमत २०२३मध्ये कळली. ह्यांची बदली परराज्यात झाली. वय चोपन्न, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पूर्वी असते तर निमूटपणे बॅग भरली असती. त्या रात्री आम्ही दोघे आणि मुलगी वही घेऊन बसलो. ह्यांनी नोकरी सोडली आणि गावातच तीस हजारांचे काम धरले. माझे बावीस हजार मिळून बावन्न. खर्च भागतो, शिल्लक थोडी पडते, पुंजीला हात लागत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा उशाशी होता. कुठल्याही व्याजदरात हे बसत नाही.

कुणी म्हणेल, ज्यांच्याकडे उरते त्यांचे हे खेळ. खरे आहे. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंचा हिशेब मी त्यांच्यासोबत मांडला, तेव्हा आकडा आला नऊ दिवस. तिथे काटकसरीचा उपदेश करणे निर्लज्जपणा ठरेल. तिथे आधी मजुरी वाढवावी लागते, आणि ती वाढवणे माझ्याच हाती होते. त्या आता बचत गटात पैसे टाकतात. वही उघडी ठेवली की आपल्या घरातून कुणाला किती जाते, हेही पानावर दिसते.

आज रविवार आहे. दुपारची झोप थोडी बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. काय आहे, काय देणे आहे, महिन्याला किती लागते, एवढेच लिहावे आणि असलेल्याला लागणाऱ्याने भागावे. आकडा लहान आला तर लाजू नये. आमच्या मुलीने पहिला पगार झाल्यावर स्वतःची वेगळी वही घातली. पहिल्या महिन्याखाली तिने लिहिले आहे : 'दीड.' ताईंच्या वहीत सध्या अकरा आहेत आणि ते त्यांनी स्वतः मोजले आहेत.