रबराला कुठलं वंगण चालतं?

इंजिनचं काम करताना होज बसत नाही म्हणून हाताशी असलेलं ग्रीस फासू नका, ही कळकळीची विनंती. रबर म्हणजे एकच पदार्थ नव्हे. कूलंट होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर गरम पाणी आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोलियम तेलाशी त्याचं मुळीच जमत नाही. तेल आत शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं. असा होज बोटांनी दाबला की भुसभुशीत, चिकट लागतो आणि क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आलेला दिसतो. तिथे थोडं कूलंटच लावा. होज सहज सरकतो.

तेलाच्या जागी हिशेब उलटा. ऑइल फिल्टरचं रबर सहसा नायट्राइलचं असतं, त्याला स्वच्छ इंजिन ऑइलचं एक बोट पुरे. पेट्रोल इंजेक्टरच्या ओ-रिंगलाही बहुतेक गाड्यांत तेच चालतं. मात्र क्रँकशाफ्टचं नवं सील पीटीएफईचं असेल तर ते कोरडंच बसवायचं असतं. सोबतची सूचना आधी वाचा.

सिलिकॉन ग्रीस ईपीडीएमला चालतं, पण सिलिकॉन रबराच्या होजला नको. तिथे तेच रबर फुगवतं.

आणि ब्रेक! हे इंजिनचं काम नाही, तरी सांगतोच. तिथल्या सीलला ताजं ब्रेक फ्लुइड किंवा लाल रबर ग्रीसच लावा. इंजिन ऑइलचा थेंबही नको, सील फुगून ब्रेक जाम होऊ शकतात.