बाबासाहेबांचे सेमिनार आणि आपल्या मुलांचे प्रेझेंटेशन

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकर हा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी निबंध वाचायला उभा राहिला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज आपण तो ग्रंथ म्हणून वाचतो, जयंतीच्या भाषणात त्याचा उल्लेख करतो. पण मुळात ते एका विद्यार्थ्याने वर्गमित्रांसमोर केलेले प्रेझेंटेशन होते, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

मुळशी तालुक्यातील एका विहारात आम्ही रविवारी कॉलेजच्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेतो. गेल्या वर्षी त्यातल्या एका मुलीने एम.ए.च्या वर्गात मुळशी सत्याग्रहावर प्रेझेंटेशन दिले. चोवीस स्लाइड. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, टाटांचे धरण, भिऱ्याचे वीजकेंद्र, सगळे होते. तिने पडद्याकडे तोंड करून ते वाचून दाखवले. ‘जमीन’ शब्दाच्या उच्चारावर मागच्या बाकावरून कोणीतरी हसले, तिथून आवाज खाली गेला. शेवटी सरांनी विचारले, “ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचं काय झालं?” ती गप्प.

आम्हाला हळहळ वाटली ती वेगळ्याच कारणाने. तिच्या पणजोबांचे घर धरणात गेले होते आणि नावावर एक गुंठाही नव्हता. आजीच्या तोंडून हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. “मग सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “ताई, ते घरातलं आहे. ते अभ्यासात कसं सांगायचं?”

त्या दिवसापासून आम्ही वर्गात १९१६ चा निबंध वाचायला घेतला, पण फक्त त्याची मांडणी पाहण्यासाठी. सुरुवात जातीपासून होतच नाही. श्रोत्यांनी पाहिलेली प्रदर्शने, पाँपेईच्या अवशेषांत माहिती देणारा गाइड, अशा त्यांच्या ओळखीच्या गोष्टींपासून होते. आधी सादरीकरण केलेल्या सहाध्यायांचे कौतुक येते. विषय अवाढव्य आहे हे मान्य करून मग तो आवरला जातो. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर अशा चार अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या जातात, त्यांचे कुठे पटते आणि कुठे अपुरे पडते ते सांगितले जाते. त्यातून एकच गोष्ट हाती येते, जातीअंतर्गत विवाह. पुढचे सारे त्यावर उभे आहे. ते समजावताना बाबासाहेब साधा हिशेब मांडतात. एखाद्या गटाला स्वतःला बंद करून घ्यायचे असेल, तर त्यातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला की एक बाई जास्त होते, बायको मेली की एक पुरुष. या जास्तीच्या माणसांचे करायचे काय, यातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा होतो. अमेरिकन विद्यार्थ्यालाही हे कळते. शेवटी ते सांगतात की आपले मत चुकीचे ठरले तर आपण ते सोडायला तयार आहोत.

स्वतःच्या अपमानाबद्दल त्यात अवाक्षर नाही. अनुभव नव्हता म्हणून नव्हे. आम्ही मुलांना सांगतो, अनुभवातून प्रश्न घ्या, उत्तर मात्र पुराव्याने द्या. आजीची आठवण हा प्रश्न. त्यापुढे भूमी अभिलेख कार्यालयातील जुनी कागदपत्रे, राजेंद्र व्होरांचे मुळशी सत्याग्रहावरील पुस्तक आणि गावातल्या आणखी चार म्हाताऱ्या माणसांशी बोलणे.

जयंतीच्या स्टेजवर टाळ्या घेणारी आपली पोरे सेमिनारमध्ये का अडखळतात, हेही यावरून कळते. स्टेजसमोरचा माणूस आधीच आपल्या बाजूचा असतो, तिथे आवाज चढवला तरी भागते. वर्गातल्या श्रोत्याला पटवावे लागते.

बाकी गोष्टी सरावाच्या. स्लाइडवर वाक्ये नकोत. नकाशा, फोटो किंवा एखादा आकडा पुरे. दहा मिनिटे मिळणार असतील तर आठ मिनिटांचेच तयार करा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा लाज वाटते, तिसऱ्यांदा चुका दिसू लागतात. पहिली दोन वाक्ये पाठ ठेवा, पुढचे मुद्द्यांवरून बोला. येतील असे पाच प्रश्न मित्रांकडून आधीच काढून घ्या. उत्तर माहीत नसेल तर “हे मी पाहिलेलं नाही” असे सरळ सांगा. आणि उच्चाराचे म्हणाल, तर इंग्रजी शब्दांचे उच्चार जरूर तपासा, पण आपल्या गावची मराठी पुसून टाकण्यात वेळ घालवू नका. तो वेळ पुराव्याला द्या.

ती मुलगी आता तोच विषय पुन्हा मांडणार आहे. मागच्या रविवारी तिने विहारात तालीम केली. समोर बसलेल्यांत तिची आजीही होती. चोवीसच्या जागी तीन स्लाइड होत्या आणि पहिल्या स्लाइडवर फक्त सरांचा तो प्रश्न. मध्येच आजीने तिला थांबवून गावाचे नाव दुरुस्त केले. तिने लगेच वहीत लिहून घेतले आणि पुढे बोलू लागली.