गोळीने हिरावलेले शब्द

राजकारणी माणसाची सगळी मिळकत त्याच्या बोलण्यात असते. मतदारांना समजेल असे सांगायचे, सभागृहात मुद्दा मांडायचा, विरोधकाला उत्तर द्यायचे. हे बोलणेच एका क्षणात गेले, तर त्या नेत्याकडे काय उरते? अमेरिकेतील माजी लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या आयुष्याने हा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. मेंदूविज्ञानाच्या दृष्टीनेही हे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

गिफर्ड्स यांचा जन्म १९७० मध्ये ॲरिझोना राज्यातील टूसान शहरात झाला. घरच्या टायरच्या व्यवसायात काम केल्यावर त्या राजकारणात आल्या. राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत काम करून २००६ मध्ये त्या अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या. मतदारांना थेट भेटणे ही त्यांच्या कामाची रीत होती. ८ जानेवारी २०११ रोजी सकाळी टूसानजवळच्या एका सुपरमार्केटबाहेर अशीच भेट सुरू असताना एका तरुणाने अगदी जवळून त्यांच्या डोक्यात गोळी झाडली आणि नंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी आणि एक न्यायाधीश होते. गिफर्ड्स यांच्यासह तेरा जण जखमी झाले.

जीव कसा वाचला?

डोक्यात गोळी लागलेल्या बहुसंख्य व्यक्ती वाचत नाहीत. गिफर्ड्स वाचल्या त्याला तीन-चार कारणे आहेत. पहिले कारण जागेवरच घडले. त्यांच्या कार्यालयात नुकताच प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेला डॅनियल हर्नांडेझ धावत आला. त्याने हाताने जखम दाबून धरली आणि रक्त श्वासनलिकेत जाऊन श्वास कोंडू नये म्हणून त्यांना आधार देऊन बसते केले. दुसरे कारण वेळेचे. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभराच्या आत त्यांच्यावर शस्त्रक्रिया सुरू झाली होती. तिसरे कारण गोळीच्या मार्गाचे. ती मेंदूच्या डाव्या बाजूतून आरपार गेली, मध्यरेषा ओलांडून उजवीकडे गेली नाही. दोन्ही गोलार्ध जखमी झाले असते, तर वाचण्याची शक्यता फारच कमी होती.

चौथे कारण शस्त्रक्रियेतील एका निर्णयाचे. मार बसला की शरीराचा कुठलाही भाग सुजतो, तसा मेंदूही सुजतो. हाताला सूज आली तर कातडी ताणते, पण कवटी ताणत नाही. बंद डब्यात फुगणारा मेंदू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि गोळीने न मारलेल्या पेशीही रक्ताविना मरू लागतात. म्हणून शल्यचिकित्सकांनी कवटीच्या डाव्या बाजूचा मोठा तुकडा काढून ठेवला आणि सुजेला जागा करून दिली. पुढचे काही महिने गिफर्ड्स डोक्यावर संरक्षक हेल्मेट घालून वावरत होत्या. मे महिन्यात त्या जागी कृत्रिम तुकडा बसवण्यात आला. त्या दिवशी त्यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, ‘एंडेव्हर’ यानातून अंतराळात होते.

मन शाबूत, शब्द गायब

बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या गोलार्धात सांभाळली जाते. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले होते. त्याला बोललेले बरेचसे समजे, पण त्याच्या तोंडून जवळपास एकच अक्षरसमूह बाहेर पडे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. या अवस्थेला वाचाघात म्हणतात, इंग्रजी नाव अफेजिया. गोळीने गिफर्ड्स यांच्या वाट्याला हेच आले. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. त्यामुळे त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला, दोन्ही डोळ्यांची उजवीकडची दृष्टीही गेली.

वाचाघातात जीभ किंवा घसा निकामी झालेला नसतो, बुद्धीही गेलेली नसते. काय म्हणायचे हे रुग्णाला ठाऊक असते, पण शब्द सापडत नाही, किंवा भलताच येतो. सुरुवातीला गिफर्ड्स यांच्याही तोंडी ‘चिकन’ हा एकच शब्द पुन:पुन्हा येई. चुकतो आहे हे कळते आणि दुरुस्त करता येत नाही, हा त्यातला खरा त्रास. भोवतालची माणसे मात्र याचा अर्थ ‘यांना काही कळत नाही’ असा लावतात.

ह्यूस्टनच्या पुनर्वसन रुग्णालयात रोज तासन्‌तास फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार सुरू झाले. त्यात गाण्याचा मोठा वाटा होता. साधे वाक्य न बोलता येणारा रुग्ण ओळखीचे गाणे मात्र म्हणू शकतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिले आहे. चाल आणि लय सांभाळण्यात उजव्या गोलार्धाचाही भाग असतो, शिवाय पाठ झालेले शब्द एकमेकांना ओढून आणतात. याच निरीक्षणावर १९७०च्या दशकात बॉस्टनमध्ये ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ बेतली गेली. गरजेची छोटी वाक्ये सुरात, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायची आणि हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्याकडे यायचे, अशी ही पद्धत. तिचा गुण नेमका लयीने येतो, सुराने की सरावाने, यावर संशोधकांत अजून चर्चा आहे. गिफर्ड्स लहानपणापासून फ्रेंच हॉर्न वाजवत. डाव्या हाताने का होईना, तो त्यांनी पुन्हा हाती घेतला.

थोड्या शब्दांचे राजकारण

१ ऑगस्ट २०११ रोजी, हल्ल्यानंतर सात महिन्यांच्या आत, त्या कर्जमर्यादेवरील मतदानासाठी सभागृहात आल्या तेव्हा दोन्ही पक्षांचे सदस्य उभे राहिले. पण मतदारसंघाचे काम पूर्ण ताकदीने होणार नाही हे ओळखून जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हल्लेखोराला जन्मठेप झाली. न्यायालयात पतीने निवेदन वाचले. त्या शेजारी उभ्या राहून हल्लेखोराकडे पाहत होत्या.

३० जानेवारी २०१३ रोजी बंदूक हिंसाचारावरील सुनावणीत त्यांनी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. सगळे भाषण मिनिट-दीड मिनिटाचे होते. बोलणे मला कठीण जाते, पण महत्त्वाचे सांगायचे आहे. फार मुले मरत आहेत. काहीतरी करा, धाडस दाखवा, एवढाच त्याचा आशय. प्रत्येक शब्दामागची मेहनत ऐकणाऱ्यांना दिसत होती. त्याच महिन्यात त्यांनी पतीसह बंदूक सुरक्षेसाठी संघटना उभी केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे तीन दशकांनंतर बंदुकांविषयी मोठा केंद्रीय कायदा झाला आणि त्याच वर्षी गिफर्ड्स यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले.

त्या पूर्वीसारख्या झाल्या असे मात्र म्हणता येणार नाही. उजवा हात आजही साथ देत नाही, लांब वाक्ये आजही अडतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, हे खरे. पण त्यानंतर दार बंद होते असे नाही. सराव चालू राहिला तर वर्षांनंतरही नवे शब्द परततात. दशकभर नियमित वाचा-उपचार घेणाऱ्या गिफर्ड्स याचे ठळक उदाहरण आहेत.

आपल्या घरात

गोळीची जखम विरळ, वाचाघात मात्र विरळ नाही. त्याचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात. आपल्याकडेही पक्षाघातानंतर आजोबा संपूर्ण आरती म्हणतात, पण पाणी हवे हे सांगू शकत नाहीत, असे घडते. घरच्यांना ते हट्ट किंवा वेड वाटते. तो वाचाघात असू शकतो. अशा वेळी लवकरात लवकर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. घरात टीव्ही बंद करून समोर बसावे, छोटी वाक्ये बोलावीत, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, खाणाखुणा, चित्रे आणि लिखाण यांचा आधार घ्यावा. मोठ्याने ओरडू नये, कारण ऐकू येत असते. लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये, कारण कळत असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाक्य अडले की ते आपणच घाईने पुरे करू नये. शब्द यायला दहा सेकंद लागले, तर दहा सेकंद थांबावे.