सर्वश्रेष्ठ टेनिसपटू कोण? आधी काळ पाहा, मग करंडक मोजा!

टेनिसमधील सर्वकालीन सर्वश्रेष्ठ पुरुष खेळाडू कोण, हा वाद जुनाच आहे. नोव्हाक जोकोविचने २०२३ मध्ये अमेरिकन ओपन जिंकून एकेरीतील ग्रँड स्लॅम विजेतेपदांची संख्या २४ वर नेली, तेव्हा अनेकांच्या लेखी या वादावर पडदा पडला. त्याच्यामागे राफेल नदाल २२, रॉजर फेडरर २० आणि पीट सॅम्प्रस १४ अशी ही सुटसुटीत क्रमवारी आहे. मात्र आणखी एक पायरी खाली उतरताच तिचा तोल जातो. पाचव्या स्थानी १२ विजेतेपदांसह ऑस्ट्रेलियाचा रॉय इमर्सन दिसतो आणि त्याच्याखाली प्रत्येकी ११ विजेतेपदांसह त्याचाच देशबांधव रॉड लेव्हर व स्वीडनचा ब्योर्न बोर्ग. इमर्सन लेव्हरपेक्षा श्रेष्ठ होता, असे म्हणणारा जाणकार मात्र शोधूनही सापडणे कठीण!

हौशी आणि व्यावसायिक

या विसंगतीचे मूळ १९६८ पूर्वीच्या व्यवस्थेत आहे. त्या काळी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. पैशासाठी खेळण्याचा करार करणाऱ्यावर व्यावसायिकाचा शिक्का बसे आणि या स्पर्धांची दारे त्याला बंद होत. व्यावसायिकांचा वेगळाच ताफा असे. शहरोशहरी फिरून ते आपसांतच सामने खेळत. हौशी गटातील उत्तमोत्तम खेळाडू या ताफ्यात ओढले जात आणि ग्रँड स्लॅममधील चुरस तेवढी कमी होई.

लेव्हरने १९६२ मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या आणि लगेच व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला. परिणामी १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतील २० ग्रँड स्लॅम स्पर्धांना तो मुकला. इमर्सनच्या १२ पैकी १० विजेतेपदे नेमकी याच पाच वर्षांतील आहेत. १९६८ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षी लेव्हरने विम्बल्डन जिंकले आणि १९६९ मध्ये पुन्हा चारही स्पर्धांवर नाव कोरले. एका वर्षात चारही स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम पुरुष एकेरीत त्याच्याखेरीज केवळ डॉन बजने, १९३८ मध्ये केला आहे. दोनदा करणारा लेव्हर एकटाच.

मग हुकलेल्या २० स्पर्धांपैकी काही लेव्हरच्या खात्यात जमा करावयाच्या काय? तसे करणेही योग्य नव्हे. १९६२ चा त्याचा पराक्रम केन रोझवॉलसारख्या व्यावसायिकांच्या अनुपस्थितीत झाला होता. व्यावसायिक झाल्यावर प्रारंभी रोझवॉल आणि ल्यू होड यांनी लेव्हरला वारंवार पराभूत केले.

खुद्द रोझवॉलवरील अन्याय अधिक मोठा होता. १९५७ ते १९६७ अशी ११ वर्षे तो ग्रँड स्लॅमबाहेर राहिला. त्याच्या आठ विजेतेपदांपैकी चार या खंडापूर्वीची आणि चार नंतरची आहेत. १९७४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्याने विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली होती. पांचो गोन्झालेसच्या नावावर तर अमेरिकन स्पर्धेची १९४८ आणि १९४९ ची दोनच विजेतेपदे आहेत. पण व्यावसायिकांमध्ये त्याने अनेक वर्षे अधिराज्य गाजविले. १९६९ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने विम्बल्डनमध्ये चार्ली पासारेलला ११२ गेमच्या लढतीत हरविले. केवळ करंडक मोजणाऱ्या यादीत अशा खेळाडूला स्थानच उरत नाही.

खुल्या पर्वातही समानता नाही

१९६८ नंतरचे आकडेही सरसकट एका मापाने मोजता येत नाहीत. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियन ओपनकडे अनेक अव्वल खेळाडू पाठ फिरवीत. बोर्ग तेथे केवळ एकदा, १९७४ मध्ये खेळला. म्हणजे त्याची ११ विजेतेपदे प्रत्यक्षात तीनच स्पर्धांमधील प्रयत्नांची कमाई आहे. १९७४ मध्ये जिमी कॉनर्सने इतर तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकल्या. फ्रेंच ओपनमध्ये मात्र वर्ल्ड टीम टेनिसशी केलेल्या करारामुळे त्याला प्रवेशच नाकारण्यात आला.

कोर्टांचा प्रकारही बदलला. लेव्हरच्या काळी चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत. आता दोन हार्ड कोर्टवर, एक लाल मातीवर आणि एकच हिरवळीवर होते. दुसरीकडे, २००१ पासून ग्रँड स्लॅममध्ये १६ ऐवजी ३२ खेळाडूंना मानांकन मिळू लागले आणि अव्वल खेळाडूंची प्रारंभीच्या फेऱ्यांतील वाट काहीशी सुकर झाली.

मग निकष कोणता?

दोन काळांतील खेळाडूंची प्रत्यक्ष गाठ घालून देणे अशक्य आहे. प्रत्येकाने आपल्या काळात, उपलब्ध संधींमध्ये, समकालीनांवर किती आणि कितपत दीर्घकाळ वर्चस्व राखले, एवढेच तपासता येते. या कसोटीवर खुल्या पर्वात जोकोविचचे पारडे जड ठरते. प्रत्येक ग्रँड स्लॅम त्याने किमान तीनदा जिंकली. ४२८ आठवडे तो जागतिक क्रमवारीत अव्वल राहिला. नदालविरुद्ध ३१-२९ आणि फेडररविरुद्ध २७-२३ अशी आघाडी त्याने राखली आणि २०२४ मध्ये ऑलिम्पिक सुवर्णपदकही पटकावले. एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकणे मात्र त्यालाही साधले नाही. २०२१ मध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात डॅनिल मेदवेदेवने त्याला रोखले.

लाल मातीवर १४ फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या नदालला तोड नाही. लेव्हरचे स्थान याहून वेगळे आहे. हौशी, व्यावसायिक आणि खुल्या अशा तिन्ही व्यवस्थांमध्ये तो शिखरावर पोहोचला. म्हणूनच जोकोविचच्या शेजारी बसण्याचा सर्वाधिक हक्क २२ किंवा २० विजेतेपदांपेक्षा ११ विजेतेपदे असलेल्या या डावखुऱ्या ऑस्ट्रेलियनाचा ठरतो. क्रमवारी जरूर लावावी. मात्र प्रत्येक आकड्यापुढे त्याचे सालही लिहावे. अन्यथा ज्यांना कोर्टवर पाऊलच ठेवू दिले गेले नाही, ते आपल्या हिशेबात पराभूत म्हणून नोंदले जातील.